एकाच बसबारवर दोन रसायनं

जिथे महावितरणची लाइन पोहोचत नाही, किंवा पोहोचूनही पावसाळ्यात वरचेवर बंद पडते, अशा शेतघरांत, आश्रमशाळांत आणि डोंगरातल्या वस्त्यांवर सौर संच एका दमात उभा राहत नाही. आधी चार पॅनेल आणि एक बॅटरी येते, पैसे हाती आले की दुसरी. ही दुसरी बहुधा निराळ्या जातीची असते, कारण विजेच्या गाड्यांतून निघालेले पॅक स्वस्तात मिळू लागले आहेत. दोन्हींवर ‘४८ व्होल्ट’ लिहिलेलं दिसलं की प्लसला प्लस आणि मायनसला मायनस जोडून मोकळं व्हावंसं वाटतं. वेगळ्या रसायनाच्या दोन लिथियम बॅटऱ्या मात्र अशा थेट जोडू नयेत, असं माझं ठाम मत आहे. दोघींचा व्होल्टेज फक्त कागदावर जुळतो. भरताना आणि रिकामं होताना तो कसा बदलतो, हे कुठेच जुळत नाही.

घरगुती सौर संचात आज सर्रास दिसते ती लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी, म्हणजे एलएफपी. टेक्सासमध्ये जॉन गुडइनफ यांच्या गटाने १९९७ मध्ये मांडलेल्या या रसायनात लिथियम असलेला आणि नसलेला फॉस्फेट अशा दोन अवस्था शेजारी शेजारी नांदतात. त्यामुळे सेल बराचसा रिकामा होईपर्यंत त्याचा व्होल्टेज ३.२ ते ३.३ च्या आसपासच रेंगाळतो. गाड्यांतल्या निकेल-मँगनीज-कोबाल्ट, म्हणजे एनएमसी सेलचा व्होल्टेज ४.२ पासून सतत उतरत जातो. आता १६ एलएफपी सेलचा आणि १४ एनएमसी सेलचा असे दोन पॅक घेऊ. पूर्ण भरल्यावर पहिला ५८.४ व्होल्टवर, दुसरा ५८.८ वर; म्हणजे वरवर जोडी उत्तम. पण एलएफपी पॅक आपली बहुतेक वीज ५३ व्होल्टच्या आसपास देतो, आणि त्या व्होल्टेजला एनएमसीचा सेल ३.८ वर, म्हणजे साधारण अर्धा भरलेला असतो. एलएफपी रिता होत आला तरी एनएमसीमधली बरीच वीज तशीच पडून राहते. चार्ज कंट्रोलर ५८.८ ला लावला, तर एलएफपीच्या सेलवर ३.६५ ची मर्यादा ओलांडणारा ताण येतो; ५५ ला लावला, तर एनएमसी पूर्ण भरतच नाही. दोघींना सोयीचा असा आकडा निघत नाही.

यावर हमखास उत्तर येतं की प्रत्येक पॅकमध्ये बीएमएस (बॅटरी मॅनेजमेंट सिस्टिम) आहे, तो सांभाळून घेईल. बीएमएस हा शेवटचा बांध आहे. त्याच्यावर रोजचा कारभार टाकू नये. भर दुपारी एलएफपीच्या बीएमएसने चार्जिंग तोडलं की पॅनेलचा सगळा करंट उरलेल्या एनएमसी पॅककडे वळतो. त्यानेही हात वर केले तर बसबारचा, म्हणजे दोन्ही बॅटऱ्या ज्या पट्टीवर जोडल्या आहेत तिचा, व्होल्टेज उसळतो आणि तो झटका इन्व्हर्टर व कंट्रोलरला बसतो. उलट, विसावून ५३.५ वर आलेली एलएफपी पुन्हा जोडली गेली तेव्हा एनएमसी ५७.५ वर असेल, तर फरक चार व्होल्टचा. वाटेतला एकूण रोध ०.०५ ओहम धरला तरी त्या क्षणी ८० अँपिअर करंट एका बॅटरीतून दुसरीत धावतो.

दुसरा आक्षेप अनुभवाचा: काहींकडे अशी जोडणी चालू आहे. हलका लोड, मोठी बॅटरी आणि कमी ठेवलेला चार्जिंग व्होल्टेज असेल तर ती चालतेही. तिथे मिळालेली सुरक्षितता वापराची असते, जोडणीची नव्हे. त्याच संचावर उद्या पाण्याची मोटर आली की हिशेब बदलतो. शिवाय एनएमसी जास्त तापली तर तिच्यातूनच ऑक्सिजन सुटतो आणि आगीला हवा मिळते. फॉस्फेटमध्ये तो घट्ट बांधलेला असतो. विदर्भातल्या उन्हाळ्यात पत्र्याखालच्या खोलीत हा फरक फार मोठा ठरतो.

पैशांची अडचण मात्र खरी आहे, आणि चालू पॅक भंगारात घालणं मलाही पटत नाही. म्हणून त्याला स्वतःचं पॅनेल, स्वतःचा चार्ज कंट्रोलर आणि स्वतःचा लोड द्यावा. रात्रीचे दिवे आणि पंखे त्यावर आरामात चालतील. एकाच रसायनाच्या, सारख्याच सेलसंख्येच्या बॅटऱ्या समांतर जोडायला हरकत नाही, मग एक १०० आणि दुसरी २०० अँपिअर-तासांची का असेना. फक्त दोन्ही आधी वेगवेगळ्या पूर्ण भराव्यात, उत्पादकाची समांतर जोडणीला परवानगी असावी आणि प्रत्येकीला वेगळा फ्यूज असावा. सिरीजमध्ये मात्र जुनी-नवी सरमिसळ नको: तिथे सर्वांत कमकुवत पॅकच सगळ्यांची क्षमता ठरवतो, आणि त्याच्या बीएमएसने जोडणी तोडली की पूर्ण साखळीचा व्होल्टेज त्याच्या एकट्याच्या स्विचवर येतो.