गिअरबॉक्स उतरवण्याआधी

शेव्हरोले आणि जीएमसी यांचे नव्वदच्या दशकातले पिकअप ट्रक अमेरिकेत अजून कामावर आहेत. ते ट्रेलर ओढतात, गवताचे भारे वाहतात, सुतारा-गवंड्यांची हत्यारे फिरवतात. यातल्या अनेकांचे इंजिन मालकाला पुरून उरते. हात टेकतो तो गिअरबॉक्स. १९९३ पासून या ट्रकांत बसू लागलेला ४एल६०-ई हा चार गिअरांचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स खोलून नवा करायचा तर काही हजार डॉलर पडतात, आणि तेवढी कधी कधी सबंध ट्रकचीही किंमत नसते. दुसरीकडे वीसेक डॉलरचा स्कॅनर गाडीत खोचून फोनवर आकडे पाहता येतात. या खेळण्याच्या भरवशावर एवढ्या खर्चाचा निर्णय घ्यावा का? घ्यावा, असे माझे मत आहे. मात्र स्कॅनर दोष शोधून देतो म्हणून नव्हे. दोष कुठे नाही, हे तो स्वस्तात सांगतो म्हणून.

ज्या खाचेत हा स्कॅनर बसतो ती सोळा पिनांची खाच गाडीमालकाच्या सोयीसाठी जन्मलेली नाही. कॅलिफोर्नियाला धुराची चिंता होती, त्यातून ओबीडी-२ हे मानक आले आणि १९९६ च्या मॉडेलपासून अमेरिकाभर सक्तीचे झाले. त्यामुळे आरपीएम, वेग, इंजिनावरचा भार यांसारखी प्रदूषणाशी निगडित माहिती सर्वांसाठी खुली झाली. गिअरबॉक्सची बरीचशी माहिती मात्र कंपनीच्या स्वतःच्या सांकेतिक क्रमांकांमागेच राहिली. ती वाचायला जनरल मोटर्सचे ‘टेक २’ हे यंत्र लागे आणि ते वर्कशॉपलाच परवडे. ही भिंत पाडली ती ईएलएम इलेक्ट्रॉनिक्स या छोट्या कॅनेडियन कंपनीने. तिच्या ईएलएम ३२७ चिपने गाड्यांच्या वेगवेगळ्या भाषा साध्या अक्षरी आज्ञांत आणल्या. पहिल्या आवृत्तीत चिपमधल्या प्रोग्रॅमला कुलूप लावायचे राहिले आणि नकलांचा पूर आला. आज आपल्याकडे ‘गाडीला स्कॅनर लावून बघा’ म्हणत गॅरेजवाला जी छोटी डबी खोचतो, ती पुष्कळदा याच नकलांच्या वंशातली असते. मूळ कंपनी २०२२ मध्ये बंद झाली.

४एल६०-ई गिअरबॉक्सचा सर्वांत बदनाम दोष-कोड पी १८७०. अर्थ एवढाच, की आत काहीतरी घसरते आहे. काय घसरते हे गाडीचा कॉम्प्युटर सांगत नाही, कारण ते त्याला कळूच शकत नाही. त्या काळच्या ४एल६०-ई मध्ये बाहेर पडणाऱ्या शाफ्टचा वेग मोजणारा सेन्सर आहे, पण आत शिरणाऱ्या शाफ्टचा नाही. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या मधल्या टॉर्क कन्व्हर्टरमध्ये घसरण झाली काय किंवा त्यापुढच्या क्लचमध्ये झाली काय, त्याला दोन्ही सारखेच. प्रत्यक्षात गुन्हेगार बऱ्याचदा भलताच असतो. महामार्गावर कन्व्हर्टरमधला क्लच जखडला की इंजिन आणि गिअरबॉक्स एकजीव फिरतात, तेल कमी तापते, इंधन वाचते. या क्लचला हळुवार जखडण्यासाठी एक सोलेनॉइड सेकंदाला तीसेक वेळा उघडमीट करतो. तेलाच्या दाबाचे ते ठोके खात एक छोटा व्हॉल्व्ह ॲल्युमिनियमच्या व्हॉल्व्ह बॉडीत पुढेमागे थरथरत राहतो आणि लाखभर मैलांत स्वतःचे भोक झिजवतो. तेल तिथून निसटते, दाब उणा पडतो, क्लच घसरतो. क्लच मऊ बसावा म्हणून केलेली ही सोयच शेवटी त्याच्या मुळावर येते. कोड नोंदला गेला की कॉम्प्युटर घाबरल्यासारखा दोन गोष्टी करतो. कन्व्हर्टरचा क्लच जखडणे थांबवतो आणि तेलाचा दाब कमाल करतो. परिणामी पहिल्यावरून दुसरा गिअर पडताना पाठीत धपाटा बसावा तसा झटका बसतो, आणि ट्रेलर ओढताना तेल जास्तच तापते. मालकाला वाटते, संपला गिअरबॉक्स.

इथे स्वस्त स्कॅनर कामाला येतो, आणि तेही खुल्या असलेल्या दोनच आकड्यांवर. चौथ्या गिअरचे गुणोत्तर ०.७०. मागचा ॲक्सल ३.७३ चा आणि टायरचा घेर २.४ मीटर धरला, तर ताशी १०० किलोमीटरला टायर मिनिटाला ६९४ फेरे घेतो, मागचा शाफ्ट २,५९० आणि क्लच जखडलेला असेल तर इंजिन सुमारे १,८००. फोनवर १,८०० दिसत असतील तर कन्व्हर्टर निर्दोष. २,०५० दिसत असतील तर अडीचशे फेरे घसरणीत गेले. मग वेग तसाच राखून ब्रेकच्या पेडलला नुसता पाय लावायचा. ब्रेकचा स्विच कन्व्हर्टरचा क्लच सोडतो. आरपीएम वर गेले तर क्लच धरत होता. हललेच नाहीत तर तो मुळात जखडलाच नव्हता. दुसऱ्यावरून तिसऱ्यात जाताना आरपीएम उसळत असतील तर संशय तिसऱ्या-चौथ्या गिअरच्या क्लचवर जातो. तो या गिअरबॉक्सचा दुसरा ठरलेला रोग, आणि त्याला खरोखरच खोलावे लागते. बाकी गिअर नीट पडतात, पॅनमध्ये जळका चुरा नाही आणि घसरण फक्त जखडलेल्या अवस्थेत आहे, असे दिसले तर दुरुस्ती पॅन उतरवून खालूनच होऊ शकते. व्हॉल्व्ह बॉडी काढायची, झिजलेले भोक मोठे करायचे आणि व्हरमाँटमधल्या सोनॅक्ससारख्या कंपनीचा वाढीव मापाचा व्हॉल्व्ह बसवायचा.

यावर अनुभवी मेकॅनिकांचा आक्षेप असा, की हौशी लोक कोड वाचतात आणि सोलेनॉइड बदलत सुटतात. आक्षेप खरा आहे, पण तो कोड वाचण्यावर आहे. कोड तर ऑटोझोनसारख्या दुकानात फुकट वाचून मिळतो, आणि शेजारच्याच मांडणीवर सुटे भागही विकायला असतात. किमती गोष्ट म्हणजे चालत्या गाडीचा आलेख. तो दुकानाबाहेर उभ्या ट्रकमधून निघत नाही. कोड पुसण्याचे बटण तेवढे खरोखर घातक आहे. ते दाबले की झटके काही काळ थांबतात आणि गाडी बरी झाल्याचा भास होतो. मोजमापासाठी कोड पुसावा लागतोच, नाहीतर कन्व्हर्टर जखडतच नाही. पण आधी कोड आणि त्यासोबत गोठवलेले आकडे लिहून ठेवायला हवेत. जुना ट्रक घेणाऱ्याने उलटीही तपासणी करावी. प्रदूषणाच्या स्वयंचाचण्या ‘अपूर्ण’ दिसत असतील तर कोड नुकताच पुसला गेला आहे किंवा बॅटरी काढली गेली आहे.

पण अडचणी याहून चिवट आहेत. १९९६ पासूनचे हे ट्रक सेकंदाला १०,४०० बिटांच्या जुन्या जे१८५० भाषेत बोलतात, आणि पुष्कळशा स्वस्त नकलांनी नेमकी तीच भाषा गाळलेली असते. डबीवर आवृत्ती १.५ लिहिलेले पाहून फसू नये. अस्सल चिप १.४ नंतर थेट २.० वर गेली; १.५ ही नकलाकारांची देणगी. जोडणी झाली तरी वेग तुटपुंजा. डझनभर आकडे एकदम मागितले तर प्रत्येकाची पाळी सेकंदातून एखाद्या वेळीच येते आणि अर्ध्या सेकंदाची उसळी मधल्या मधे निसटते. म्हणून दोन-तीनच आकडे मागावेत. तेलाचे तापमान हवे असेल तर कंपनीच्या क्रमांकांतला १९४० ॲपमध्ये स्वतः भरावा लागतो.

सर्वांत मोठी अडचण पैशांनी सुटणारी नाही, कारण ती महागड्या टेक २ लाही सुटत नाही. या गिअरबॉक्समध्ये तेलाचा दाब मोजणारा सेन्सरच नाही. पडद्यावर दिसतो तो दाबाच्या सोलेनॉइडला दिलेला करंट, म्हणजे कॉम्प्युटरचा हुकूम. हुकमाप्रमाणे दाब तयार झाला की नाही, हे कोणताही स्कॅनर जाणत नाही. पंप थकलेला असो की भोक झिजलेले, पडद्यावरचा आकडा निरोगी दिसतो. त्यासाठी गिअरबॉक्सच्या बाजूचा प्लग काढून काट्याचे प्रेशर गेज लावावे लागते. तेव्हा गिअरबॉक्स उतरवायला होकार देण्याआधी मेकॅनिककडे तीन गोष्टी मागा: महामार्गावरचा आरपीएम आणि वेगाचा आलेख, पॅनमधल्या गाळाचा फोटो, आणि गेजवरचा दाब. तिन्ही द्यायला तो तयार नसेल तर ट्रक दुसऱ्या गॅरेजात न्या.