तळघराचं दार पाणी अडवतं का?

गोंदियात तळघराचं काम निघालं की बाहेरच्या दाराचा विषय एका वाक्यात संपतो: जाड पत्र्याचं दार ठोका, पाणी येणार नाही. हा समज घातक आहे.

एक मीटर रुंद दाराला बाहेरून एक मीटर उंच पाणी टेकलं, तर त्यावर सुमारे 500 किलो वजनाएवढा दाब पडतो. अर्ध्या मीटरलाही तो सव्वाशे किलोच्या आसपास असतो. दार बाहेर उघडणारं असेल, तर आतल्या माणसाला ते ढकलणं फार जड जातं. 27 जुलै 2024 रोजी दिल्लीतल्या जुन्या राजेंद्रनगरात एका शिकवणीवर्गाच्या तळघरात रस्त्याचं पाणी शिरलं आणि तीन विद्यार्थी बुडाले. म्हणून पाणी दारापर्यंत पोचूच द्यायचं नाही. तळघरात उतरणाऱ्या बाहेरच्या जिन्याच्या तोंडाशी अंगणाहून उंच काँक्रीटचा कठडा हवा, भोवतालच्या फरशीचा उतार बाहेर हवा. जिन्याच्या तळाशी जाळीचा खड्डा आणि मोटर लागते, पण ती वीज असेपर्यंतच.

अमेरिकेच्या ईशान्य भागात घराच्या भिंतीला टेकलेली तिरपी पोलादी दारं दिसतात; तिथे त्यांना बल्कहेड म्हणतात. उतारामुळे पाऊस ओघळून जातो, हे खरं. मात्र उतार साचलेलं पाणी थोपवत नाही. शिवाय तिथे हिवाळ्यात जमीन गोठते, त्यामुळे पाया खोल न्यावाच लागतो आणि तळघर ओघाने मिळतं. गोंदियाची थंडी विदर्भात कडक मानली जाते, तरी इथली जमीन गोठत नाही. इथे तळघर ही हौस किंवा जागेची गरज.

दुसरा समज: पाणी दारातूनच येतं. हा जिल्हा तलावांचा आणि धानाच्या बांध्यांचा. पावसाळ्यात भूजल वर चढतं आणि भिंतीतून, तळातून झिरपतं. आतून फासलेला रंग त्या दाबाने फुगून सुटतो. जलरोधक थर भिंतीच्या बाहेरच्या अंगाला, माती भरण्याआधी द्यावा लागतो. ती वेळ गेली की पुन्हा खोदणं आलं.

कठड्यावर असं तिरपं दार बसवताना चौकटीचं माप कठडा पूर्ण झाल्यावरच घ्यावं. एक पान दुसऱ्यावर चढावं, कडांना रबरी पट्टी असावी, कडी आतूनही उघडावी. वरची कड भिंतीला टेकते तिथे पत्र्याची पट्टी भिंतीत खाच पाडून खोचावी. नुसतं सिमेंट लिंपलं तर उन्हाळ्यात तडकतं. मग जूनच्या आधी नळीने अर्धा तास पाणी सोडून आतून बॅटरीच्या उजेडात कोपरे तपासावेत. गळती बहुधा या भिंतीलगतच्या सांध्यातच सापडते.