रात्रीचा उजेड कोणाचा?

जुन्नर-शिरूरच्या पट्ट्यात उसाच्या फडाकडेला बिबट्या बसलाय का, हे रात्री पाहायचं तर बाजारात तीन जातींची यंत्रं मिळतात. तिन्हींना आपण सरसकट ‘नाइट व्हिजन’ म्हणतो आणि झूम, अंतर, किंमत असे आकडे शेजारी शेजारी मांडून तुलना करायला बसतो. त्याआधी एकच विचारावं: हे यंत्र कोणाच्या उजेडात बघतं? एक आकाशाच्या उजेडात बघतं, दुसरं स्वतःच्या आणि तिसरं खुद्द बिबट्याच्या.

आकाशाच्या उजेडावर चालणारं यंत्र म्हणजे सैनिकांच्या हेल्मेटवर दिसणारी ती दुर्बीण. अमावास्येच्या रात्रीसुद्धा आभाळ पूर्ण काळं नसतं. चांदण्या असतातच, शिवाय सुमारे ८७ किलोमीटर उंचीवर हायड्रोजन आणि ओझोन यांच्या अभिक्रियेतून हायड्रॉक्सिलचे रेणू तयार होतात आणि रात्रभर मंद चकाकत राहतात. ही चकाकी बहुतांशी अवरक्त असल्यामुळे आपल्या डोळ्यांना तिचा पत्ता नसतो. पण उत्तम प्रतीच्या यंत्रात गॅलियम आर्सेनाइडचा एक पातळ थर असतो आणि तिच्यातला थोडा भाग तो टिपतो.

पुढचा प्रवास तर जादूचाच. प्रकाशाचा कण त्या थरावर आपटला की इलेक्ट्रॉन सुटतो. तो जाऊन पडतो रुपयाच्या नाण्याएवढ्या काचेच्या चकतीत. या चकतीला लाखो आरपार छिद्रं असतात, एकेक छिद्र केसाच्या जाडीच्या दहाव्या हिश्शाएवढं, आणि सगळी मुद्दाम किंचित तिरकी, म्हणजे इलेक्ट्रॉन सरळ निसटून जाऊ नये. तो भिंतीवर आदळतो, आणखी इलेक्ट्रॉन उडवतो, ते पुन्हा आदळतात. आत शिरलेल्या एकामागे हजारो बाहेर पडतात आणि फॉस्फरच्या पडद्यावर चित्र उमटवतात. प्रकाशाचा रंग मात्र वाटेतच हरवतो, कारण इलेक्ट्रॉनला रंग नसतो. पडदा हिरवा ठेवायचा की पांढरा, हे आपण ठरवायचं. भिंगाने उलटं केलेलं चित्र सुलटं कसं होतं? बारीक काचतंतूंची एक जुडी चक्क अर्धा वेढा पिळून पडद्यामागे बसवलेली असते. असल्या नळ्या पुण्यात, भोसरीच्या एमआयडीसीतही बनतात, ‘बेल ऑप्ट्रॉनिक डिव्हायसेस’च्या कारखान्यात.

या यंत्रातलं दृश्य जिवंत वाटतं. पान हललेलं कळतं, चेहरा ओळखता येतो. चालायचं, गाडी चालवायची, तर याला तोड नाही. मात्र ते महाग, आणि बंद गुहेत वाढवायला उजेडच नसल्याने पूर्ण आंधळं.

दुसरी जात स्वस्तातली, डिजिटल. आत मोबाइलसारखाच सिलिकॉनचा सेन्सर आणि जोडीला अवरक्त टॉर्च. कल्पना जुनी आहे: १९४५ मध्ये ओकिनावाच्या लढाईत अमेरिकी सैनिकांनी बंदुकीवर असाच अवरक्त दिवा बांधला होता. खोट तेव्हाही तीच होती: ज्याच्याकडे तसलंच यंत्र, त्याला तुमचा दिवा लख्ख दिसणार. बिबट्याची गोष्ट निराळी, तरी टॉर्च निवडताना एक आकडा बघावाच. ८५० नॅनोमीटरचा दिवा लांब जातो, पण त्याचा लालसर ठिपका जवळून दिसतो. ९४० चा दिसत नाही, पण तिथे सेन्सरची नजरही मंद होते, म्हणून पल्ला घटतो. गोठ्यावर किंवा अंगणावर लक्ष ठेवायला मी याहून जास्त पैसे घालणार नाही.

तिसरं यंत्र थर्मल, आणि खरं नवल इथे आहे. कोणताही सजीव सतत प्रकाशत असतो. माणसाच्या त्वचेचं तापमान तिशीच्या थोडं वर असतं आणि तिच्यातून निघणारा प्रकाश साडेनऊ मायक्रॉनच्या आसपास सर्वांत जोरात असतो. या लहरींना साधी काच म्हणजे भिंतच, म्हणून भिंग जर्मेनियमचं करावं लागतं: आपल्या डोळ्यांना ते धातूसारखं चकचकीत, अपारदर्शक दिसतं. जीपची काच बंद ठेवून बाहेर थर्मल रोखलं तर बिबट्याऐवजी आपलंच धूसर प्रतिबिंब दिसतं. आतला प्रत्येक पिक्सेल म्हणजे बारीक पायांवर अधांतरी टेकवलेला सूक्ष्म पत्रा. त्यावर बरेचदा व्हॅनेडियम ऑक्साइड असतं. तो जरासा तापला की त्याचा विद्युतरोध बदलतो. चांगलं यंत्र समोरच्या दृश्यातला ०.०५ अंशाहून कमी फरक ओळखतं. मधूनच ‘टक्’ असा आवाज आला तर बिघाड समजू नका. पिक्सेलांचा हिशेब जुळवायला ते स्वतःच्या डोळ्यापुढे क्षणभर झडप ओढून घेतं.

पण आपल्या उन्हाळ्यात थर्मलची फजिती होते. दिवसभर तापलेला कातळ रात्री उशिरापर्यंत ऊब सोडत राहतो आणि गरम दगडात गरम जनावर बुडून जातं. पहाटे हेच यंत्र वाघासारखं चालतं. उसाच्या पानांपलीकडचंही त्याला दिसत नाही. म्हणून वनखात्याने बिबट्या शोधायला थर्मल कॅमेऱ्याचे ड्रोन वापरले: बांधावरून बघताना पानांची भिंत आडवी येते, वरून निदान पानांमधल्या फटी सापडतात.

आता जाहिरातीतल्या ‘एक किलोमीटर पल्ल्या’विषयी. अमेरिकी लष्कराच्या प्रयोगशाळेतल्या जॉन जॉन्सनने १९५८ मध्ये मांडलेला हिशेब अजून चालतो: ‘काहीतरी आहे’ एवढं कळायला चित्रात त्या वस्तूच्या उंचीचे दोन पिक्सेल पुरतात, पण ‘नेमकं काय आहे’ हे ओळखायला तेरा तरी लागतात. १२ मायक्रॉनचा पिक्सेल आणि २५ मिलिमीटरचं भिंग घ्या. पिक्सेलला भिंगाच्या नाभीय अंतराने भागून समोरच्या अंतराने गुणलं की कळतं: १०० मीटरवर एक पिक्सेल जवळजवळ ५ सेंटिमीटर झाकतो. खांद्याशी साठेक सेंटिमीटर उंच बिबट्याला मिळाले साडेबारा पिक्सेल. म्हणजे तो बिबट्या की मोठं कुत्रं, हे जेमतेम इथवर. ५०० मीटरवर अडीचच उरतात, नुसता ऊबदार ठिपका. भिंग ५० चं घेतलं तर ओळखीचं अंतर २०० मीटरवर जातं, पण नजरेचा पसारा निम्मा होतो आणि फडाच्या कडेने पळणारं जनावर चौकटीतून सारखं निसटतं. तेव्हा दुकानदाराला झूम विचारू नका. पिक्सेल किती मायक्रॉनचा आणि भिंग किती मिलिमीटरचं ते विचारा, आणि भागाकार तिथेच करून बघा.