घरच्या घरी ट्रक उंच करताना



ह्या पानांवर मलिद्याविषयी आणि कोकणातल्या आठवणींविषयी आपण नेहमी वाचतो. आज विषय जरा वेगळा आहे. इथे टेक्सासात पिकअप ट्रक म्हणजे घरातला माणूसच. आमच्या अर्विंगात कुठल्याही गल्लीत जा, चार-दोन ट्रक उभे दिसणारच. नातवंडे गाडी चालवायला लागली की त्यांना तो ट्रक आणखी उंच हवा असतो. आमच्या नातवालाही हवा होता. त्यासाठी जे सामान मिळते त्याला लिफ्ट किट म्हणतात, आणि पुष्कळ मुले ते गॅरेजात न देता घरच्या ड्राइव्हवेत स्वतःच बसवतात. म्हाताऱ्यांना ह्यातले काय कळते असे कृपा करून म्हणू नका. त्या दिवशी म्हाताऱ्यांनाही एक काम असते, ते पुढे सांगतो.

आधी किट म्हणजे काय ते पाहू. नावावरून मोठे यंत्र वाटते, पण साध्या किटात असतात धातूचे ठोकळे आणि लांब बोल्ट. पुढच्या चाकांजवळ स्प्रिंग आणि शॉक अब्सॉर्बर एकत्र बसवलेला असतो, त्याला स्ट्रट म्हणतात. त्याच्या डोक्यावर ठोकळा ठेवला की गाडीचे नाक वर येते. गंमत अशी की बऱ्याच ट्रकांत एक इंचाचा ठोकळा ठेवला तर गाडी जवळजवळ दोन इंच उचलते. स्ट्रट ज्या दांड्यावर टेकतो त्याच्या मधल्या भागावर टेकतो आणि चाक असते टोकाला. बागेतल्या सी-सॉवर मध्याजवळ बसलेले मूल थोडे हलते आणि टोकाचे जास्त, तसेच हे. मागे बहुतेक ट्रकांना कमानीचे पाटे असतात, आपल्या अलिबागच्या टांग्याला असायचे तसे. ते पाटे आणि मागचा एक्सल ह्यांच्यामध्ये ठोकळा घालतात.

मुलांनो, तुमच्यासाठी एक कोडे. असे ठोकळे घातल्यावर मागच्या एक्सलच्या मधला तो मोठा गोळा जमिनीपासून किती वर जातो? उत्तर: अजिबात नाही! गाडी वर जाते, एक्सल तिथेच राहतो. त्याला वर न्यायचे तर टायरच मोठा हवा, आणि ३१ इंचांचा काढून ३३ इंचांचा लावला तरी एकच इंच वाढतो, कारण अर्धी वाढ चाकाच्या वरच्या बाजूला जाते. आपल्या बैलगाडीची चाके एवढी थोरली का असत, ते आता कळले ना?

आता खऱ्या गोष्टीकडे येऊ. असा ट्रक रिकामासुद्धा दोन ते अडीच टनांचा असतो, आणि त्याच्या खाली आपले पोर हात घालणार असते. जॅक हा उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नाही. त्यात तेलाचा दाब असतो, सील गळले की तो हळूहळू बसतो, कधी एकदम बसतो. म्हणून उचलल्यावर गाडीच्या फ्रेमखाली स्टँड लावायचेच, ज्याला आपल्याकडे गॅरेजात घोडी म्हणतात. मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी अडसर लावायचे. स्टँडवर गाडी टेकली की खाली जाण्याआधी बाहेरूनच तिला बऱ्यापैकी जोराने हलवून पाहायचे. पडायची असेल तर तेव्हाच पडू दे. काढलेले चाक बाजूला न ठेवता फ्रेमखाली आडवे सरकवून ठेवावे, म्हणजे काही झालेच तर गाडी आधी चाकावर येते.

स्टँड नवा आहे म्हणून निर्धास्त राहू नये. २०२० साली इथल्या एका मोठ्या दुकानाने ३ टनी आणि ६ टनी स्टँड परत मागवले होते, कारण त्यांचे दात नीट अडकत नव्हते. दात बसले की नाही ते डोळ्यांनी पाहावे. जमीनही पाहावी. अर्विंगची माती काळी चिकणमाती, पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे काँक्रीटच्या लाद्या तिरप्या होतात. डांबरावर काम असेल तर जुलैच्या उन्हात डांबर मऊ पडून स्टँडचे पाय आत रुततात, खाली जाड फळी हवी.

इतकी वर्षे नर्सिंग केल्यावर आम्हाला हे बोलल्याशिवाय राहवत नाही. छाती दबली की हाड मोडले नाही तरी श्वास घेता येत नाही, आणि हवेवाचून मेंदू थोडीच मिनिटे टिकतो. तिथे वाट पाहायला वेळ नसतो. हात किंवा पाय बराच वेळ अडकला तर धोका निराळा. १९४१ साली लंडनमध्ये, बॉम्बहल्ल्यांत ढिगाऱ्याखालून काढलेली माणसे आधी बरी वाटून मग दगावत, त्याचे वर्णन बायवॉटर्स नावाच्या डॉक्टरांनी केले. दबलेल्या स्नायूंतली घातक द्रव्ये वजन निघताच रक्तात जातात आणि मूत्रपिंडे बंद पाडतात, हृदयालाही धक्का देतात. म्हणून ९११ वर फोन करताना किती वाजल्यापासून अडकला आहे ते सांगायचे.

तर म्हाताऱ्यांचे काम हेच. खुर्ची टाकून जवळ बसायचे, हातात फोन, पायाशी दुसरा जॅक आणि त्याचा दांडा. मूल खाली असेपर्यंत चहा करायलासुद्धा उठायचे नाही. आम्ही दोघांनी आळीपाळीने अख्खा रविवार असा काढला. नातू म्हणाला, "आजी, तू काय पहारा देतेस?" म्हटले, होय बाबा, पहाराच.

रविवार मुद्दाम निवडला. शुक्रवारी दुपारी हे काम काढू नये असा आमचा आग्रह आहे. शब्बाथचे दिवे लावायची वेळ जवळ येते, चार बोल्ट राहिलेले असतात, आणि मग घाई होते. अर्धवट ट्रक सोमवारपर्यंत स्टँडवर उभा राहिला तरी चालेल, फक्त मुलांना त्याच्या आसपास खेळू देऊ नये.

बारीकसारीक गोष्टी किटबरोबरच्या कागदात असतातच, पण दोन-तीन सांगतो. स्ट्रटच्या अगदी मधोमध जो नट असतो तो सोडायचा नाही. स्प्रिंग दाबलेली असते, ती गोळीसारखी सुटते. ब्रेकच्या रबरी नळीवर वजन लोंबकळू द्यायचे नाही. मागचे जुने यू-बोल्ट पुन्हा वापरायचे नाहीत, ते एकदा ताणले गेलेले असतात. ठोकळ्यावर ठोकळा तर कधीच नको. आणि रबरी बुश असलेले बोल्ट गाडी चाकांवर उभी राहिल्यावरच पक्के आवळावे, नाहीतर रबर कायमचे पिळलेले राहते आणि लवकर फाटते.

काम संपले तरी दुसऱ्या दिवशी चाकांचे अलाइनमेंट करून घ्यावेच लागते, नाहीतर टायर एका बाजूने झिजतात. आणि दिवे! नाक वर गेले की दिवेही वर बघतात. समोरून येणाऱ्या माणसाला मोतीबिंदू असेल तर त्याचे डोळे किती दिपतात ते आपल्या वयाच्या मंडळींना सांगायला नको. काम काढण्याआधी ट्रक सपाट जागी भिंतीपासून २५ फुटांवर उभा करून उजेडाच्या वरच्या कडेवर चिकटपट्टी लावावी, मग काम झाल्यावर त्याच जागी उभा करून दिवे खाली आणावे. टेक्सासच्या कायद्याप्रमाणे पुढचे दिवे जमिनीपासून २४ ते ५४ इंचांमध्ये असावे लागतात.

उंच ट्रकच्या समोर लहान मूल उभे असले तर चालवणाऱ्याला दिसतच नाही. मागे पाहायचा कॅमेरा २०१८ च्या मे महिन्यापासून नव्या गाड्यांना सक्तीचा आहे, पुढचा नाही. आम्ही नातवाला ड्रायव्हरच्या जागी बसवून समोर एक बादली ठेवली आणि ती दिसेपर्यंत मागे सरकवत नेली. दोन खाटा टाकता येतील एवढी जागा झाली तेव्हा दिसली! पोरगा गप्प झाला. आता तो निघण्याआधी ट्रकभोवती एक चक्कर मारतो.

राहिले चढणे-उतरणे. साध्या जिन्याची पायरी सुमारे सात इंचांची. इथे तर पाय त्याच्या कितीतरी वर न्यावा लागतो, जुन्या एस.टी.च्या पायरीची आठवण यावी. आमच्या वयाला खुब्याचे हाड मोडले की घर फिरते. म्हणून फूटबोर्ड आणि दाराजवळची पकडायची मूठ ही किटबरोबरच मागावी, नंतर बघू म्हटले की ते राहूनच जाते. उतरताना शिडीवरून उतरतात तसे पाठमोरे उतरावे.

आणखी एक. १ जानेवारी २०२५ पासून टेक्सासात खाजगी गाड्यांची सुरक्षा तपासणी बंद झाली. आमच्या डॅलस काउंटीत धुराची तपासणी तेवढी होते, खालचे बोल्ट कोणी पाहात नाही. पहिल्या ५०० मैलांनंतर ते सगळे स्वतः पुन्हा आवळून पाहायचे, तोही रविवारच, आणि खुर्ची तशीच टाकून.