गोळीच्या पट्टीवरची दोन अक्षरे

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. चौथीच्या वर्गात 'मापन' शिकवत होते. "घरातली रिकामी वेष्टनं घेऊन या. त्यांवर वजन कसं लिहितात ते पाहू," असे मी मुलांना सांगितले. दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर हा ढीग! बिस्किटांचे पुडे, तेलाच्या पिशव्या, साबणाची खोकी, चहाची पाकिटे. त्यातच तापाच्या गोळ्यांची एक रिकामी पट्टी होती.

पट्टी आणणारी मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, बिस्किटावर १०० ग्रॅम लिहिलंय, ते कळलं. या पट्टीवर ५०० मिलिग्रॅम लिहिलंय, तेही कळलं. पण पॅरासिटामॉल टॅबलेट्सच्या पुढे 'आय. पी.' असं का लिहिलंय?"

खरं सांगू? मला उत्तर येत नव्हते. इतकी वर्षे मी अशा गोळ्या घेतल्या, घरात दिल्या, पण ती दोन अक्षरे कधी वाचलीच नव्हती. "उद्या सांगते हं," असे म्हणून मी वेळ मारून नेली आणि संध्याकाळी आमच्या चौकातल्या मेडिकलवाल्या काकांना गाठले. ते हसून म्हणाले, "बाई, रोज शेकडो पट्ट्या विकतो, पण हे आजवर कुणी विचारलं नव्हतं. आय. पी. म्हणजे इंडियन फार्माकोपिया. औषध कसं असायला हवं, ते सांगणारं सरकारी पुस्तक!"

फार्माकोपिया हा शब्द मूळ ग्रीक. त्याचा अर्थ औषध तयार करणे. मराठीत आपण त्याला औषधकोश म्हणू. या औषधकोशाच्या मागे लागले आणि एका छोट्या प्रश्नाने मला पार साडेचारशे वर्षे मागे नेले. चला, तुम्हालाही नेते.

पायलीची भानगड

आधी आपल्या घरातलीच एक गोष्ट ऐका. माझी आजी सांगायची, पूर्वी धान्य पायलीने मोजत. पण या गावची पायली आणि त्या गावची पायली सारखी नसे! नाव एकच, माप मात्र वेगळे. मग बाजारात भांडणे होत. पुढे किलोग्रॅम आला. तो मुंबईत जेवढा, तेवढाच गडचिरोलीत. भांडण मिटले.

औषधांचेही असेच होते, बरं का! एका शहरातला औषधवाला एखादा काढा घट्ट करी, दुसऱ्या शहरातला पातळ. नाव तेच. ज्वारीची पायली कमी भरली तर फार तर दोन भाकऱ्या कमी होतील. पण औषध कमी पडले तर रोग बरा होणार नाही, आणि जास्त झाले तर जिवावर बेतेल.

जुनी पुस्तके

जर्मनीतल्या न्यूरेंबर्ग शहराने यावर एक उपाय केला. वॅलेरियस कॉर्डस नावाच्या तरुण विद्वानाने औषधांच्या कृती गोळा केल्या होत्या. बिचारा १५४४ साली वयाच्या अवघ्या २९ व्या वर्षी वारला. पण १५४६ साली त्याचे पुस्तक छापून निघाले आणि शहरातल्या औषधवाल्यांनी औषधे याच पुस्तकाप्रमाणे करावीत, असे नगरसभेने ठरवून दिले.

१६१८ साली लंडनमध्ये असेच पुस्तक निघाले. इंग्लंडच्या राजाने हुकूम काढला, की सगळ्या देशातल्या औषधवाल्यांनी हेच पुस्तक पाळायचे. त्यात काय काय होते माहीत आहे? गांडुळे होती, कोल्ह्याची फुप्फुसेसुद्धा होती! आज आपल्याला हसू येते. पण त्यातली एक गोष्ट मात्र शहाणपणाची होती. औषधाचे नाव एक, तर औषधही एकच हवे.

पुढे एडिंबरा आणि डब्लिन या शहरांनी आपापली पुस्तके काढली. म्हणजे पुन्हा तीच पायलीची भानगड! अखेर १८६४ साली तिन्ही पुस्तकांच्या जागी एकच 'ब्रिटिश फार्माकोपिया' आला. त्याच्या कितीतरी आधी, १ जानेवारी १८२० रोजी, अमेरिकेत ११ डॉक्टर वॉशिंग्टनच्या संसद भवनात जमले होते. त्यांनी त्याच वर्षी आपल्या देशाचा औषधकोश छापला.

आपले पुस्तक

आपल्याकडे तेव्हा इंग्रजांचे राज्य होते. १८६८ साली 'फार्माकोपिया ऑफ इंडिया' निघाला. त्यात आपल्याकडच्या औषधी वनस्पतीही होत्या. पण पुढे इथे ब्रिटिश औषधकोशच चालू लागला. शिवाय पुस्तक असले तरी ते सगळ्यांनी पाळलेच पाहिजे असा कडक कायदा नव्हता. बाजारात भेसळीची आणि कमी कसाची औषधे येत. हिवतापावरचे क्विनीनही त्यातून सुटले नव्हते.

ओरड वाढली, तेव्हा १९३० साली सरकारने एक चौकशी समिती नेमली. तिचे अध्यक्ष होते कर्नल रामनाथ चोप्रा. भारतीय औषधींचा त्यांनी एवढा अभ्यास केला होता, की त्यांना भारतीय औषधशास्त्राचे जनक म्हणतात. औषधांसाठी कायदा हवा आणि औषधे तपासायला प्रयोगशाळा हव्यात, असा त्यांच्या समितीच्या सांगण्याचा गाभा होता. त्यानंतर १९४० साली औषधांचा कायदा झाला.

स्वातंत्र्य मिळाले आणि लगेच १९४८ साली भारताचा स्वतःचा औषधकोश तयार करण्यासाठी समिती बसली. सात वर्षे काम चालले. १९५५ साली आपला पहिला औषधकोश निघाला. तोच हा 'आय. पी.'! त्याच्या नव्या नव्या आवृत्त्या निघत राहिल्या. २०२२ साली नववी आवृत्ती आली, तेव्हा त्यात तीन हजारांहून अधिक प्रकरणे होती. हे काम दिल्लीजवळच्या गाझियाबाद इथले इंडियन फार्माकोपिया कमिशन करते.

गोळीची परीक्षा

या पुस्तकात असते तरी काय? तुमची जशी परीक्षा असते, तशी ती औषधाची प्रश्नपत्रिका समजा. आपल्या पॅरासिटामॉलच्या गोळीला चार प्रश्न विचारले जातात.

पहिला प्रश्न, तू कोण? पांढऱ्या गोळ्या तर खूप असतात. खडूची गोळीही पांढरीच दिसेल. म्हणून अगदी शुद्ध पॅरासिटामॉलचा एक नमुना प्रयोगशाळेत जपून ठेवलेला असतो. गोळीतले औषध त्याच्याशी ताडून पाहतात. ठसे जुळवून माणूस ओळखतात ना, तसेच.

दुसरा प्रश्न, तू किती? पट्टीवर ५०० मिलिग्रॅम लिहिले असेल, तर तपासणीत ते ९५ ते १०५ टक्क्यांच्या आतच भरले पाहिजे. म्हणजे ४७५ पेक्षा कमी नको आणि ५२५ पेक्षा जास्तही नको.

तिसरा प्रश्न, तू पोटात गेल्यावर फुटशील ना? यासाठी सहा काचेच्या नळ्या असतात. त्यांच्या तळाला जाळी असते. प्रत्येक नळीत एक गोळी टाकतात आणि आपल्या अंगाइतक्या कोमट, म्हणजे ३७ अंशांच्या पाण्यात त्या नळ्या खालीवर हलवत राहतात. साध्या गोळीचा १५ मिनिटांच्या आत भुगा व्हायला हवा. नाहीतर गोळी नापास!

आणि चौथा प्रश्न, तुझ्याबरोबर कोण कोण आले आहे? औषध बनवताना नको असलेले पदार्थ त्यात राहू शकतात. ते किती चालतील याची मर्यादा पुस्तकात लिहिलेली असते. हा चौथा प्रश्न विचारायचा राहिला तर काय होते, ते आता सांगते. गोष्ट दुःखाची आहे, पण कळायला हवी अशी आहे.

गोड विष

ग्लिसरीन तुम्ही पाहिले असेल. रंग नाही, घट्टसर, चवीला गोड. औषधांत ते वापरतात. कारखान्यात लागणारा डायइथिलीन ग्लायकॉल नावाचा एक पदार्थही अगदी तसाच दिसतो, तोही गोडच लागतो. पण तो विष आहे. तो पोटात गेला तर मूत्रपिंडे निकामी होतात. दोन बाटल्या शेजारी ठेवल्या तर डोळ्यांना फरक कळणार नाही. तो फक्त प्रयोगशाळेत कळतो.

१९३७ साली अमेरिकेत एका कंपनीने हा पदार्थ घालून पातळ औषध तयार केले. त्याची चव तपासली, वास तपासला, विषारी आहे का ते मात्र तपासलेच नाही! शंभरहून अधिक माणसे दगावली. त्यांत कितीतरी मुले होती. सरकारी निरीक्षक गावोगाव फिरले आणि त्यांनी उरलेल्या बाटल्या शोधून काढल्या. पण त्या वेळच्या कायद्यात विषारी औषध विकणे हा गुन्हाच नव्हता. त्या औषधाच्या नावात 'एलिक्झिर' हा शब्द होता. एलिक्झिर म्हटले की त्यात अल्कोहोल हवे, आणि यात ते नव्हते. केवळ नाव चुकले म्हणून सरकारला ते जप्त करता आले! पुढच्याच वर्षी तिथे नवा कायदा झाला. औषध विकण्याआधी ते सुरक्षित आहे हे दाखवणे भाग पडले.

आपल्याकडे १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भेसळीच्या ग्लिसरीनमुळे १४ रुग्णांचा मृत्यू झाला. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने त्याची चौकशी केली. तोच पदार्थ ग्लिसरीनमध्ये मिसळला होता. आणि २०२५ साली मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यात खोकल्याच्या औषधात तो सापडला. वीसहून अधिक लहान मुले गेली. त्यांतल्या काहींवर आपल्या नागपुरात उपचार चालले होते.

मित्रांनो, १९८६ साली औषधकोश होता. २०२५ सालीही होता. मग चुकले कुठे? प्रश्नपत्रिका कितीही चांगली असो, परीक्षा घेतलीच नाही तर तिचा उपयोग काय? पुस्तकात लिहिणे हे अर्धे काम. कारखान्यात, प्रयोगशाळेत, दुकानात ते रोज पाळणे आणि कुणीतरी ते तपासणे, हे उरलेले अर्धे काम. तराजू चांगला आहे, पण माल तोललाच नाही, असे होऊन कसे चालेल?

म्हणून घाबरून औषध टाळायचे का? मुळीच नाही. डॉक्टरांनी दिलेले औषध वेळेवर घ्यायचेच. पण डोळे उघडे ठेवून घ्यायचे.

करून पाहा

आज घरी आई-बाबांना सोबत घेऊन औषधाची एखादी पट्टी किंवा बाटली वाचा. नुसती वाचायची हं, गोळ्यांवर प्रयोग करायचे नाहीत! त्यावर औषधाचे मूळ नाव, 'आय. पी.' ही अक्षरे, औषधाचे प्रमाण, बॅच क्रमांक, बनवल्याची आणि मुदत संपण्याची तारीख शोधा. मुदत संपली असेल तर मोठ्यांना दाखवा. औषध विकत घेताना पावती मागायला सांगा. एखाद्या औषधात गडबड निघालीच, तर बॅच क्रमांकावरूनच ते परत गोळा करता येते.

दुसऱ्या दिवशी वर्गात मी हे सगळे सांगितले. ती मुलगी थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे बाई, आय. पी. लिहिणं म्हणजे शब्द देणं."

"अगदी बरोबर," मी म्हटले.

"आणि शब्द पाळला की नाही, ते कोण बघतं?"

"औषध निरीक्षक असतात, प्रयोगशाळेतले रसायनतज्ज्ञ असतात. ते कमी पडले की काय होतं, तेही तुला आता कळलंय."

तिने ती रिकामी पट्टी 'मापन' पाठाच्या पानावर चिकटवली आणि खाली पेन्सिलने लिहिले, '४७५ ते ५२५'. मापनाचा याहून चांगला गृहपाठ मी अजून तपासलेला नाही.