मैदानावरची रग आणि पाण्याचा माठ

पहाटे साडेपाचला धाराशिवच्या श्री तुळजाभवानी स्टेडियमवर गेलं की पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं-पोरी अंधारातच पळताना दिसतात. मुलांना 1600 मीटर, मुलींना 800 मीटर, दोघांनाही 100 मीटर आणि गोळाफेक. मुलांचा गोळा 7.26 किलोचा, मुलींचा 4 किलोचा. मैदानी चाचणीचे सगळे मिळून 50 गुण, आणि एकेका गुणावर यादीतलं नाव ठरतं. घरची शेती कोरडवाहू, पाऊस बेभरवशाचा, त्यामुळे ही पोरं जीव तोडून पळतात.

मागच्या एका उन्हाळ्यात तिथंच एक मुलगा भिंतीला टेकून बसलेला दिसला. आदल्या दिवशी पैज लावून त्यानं पाचशे बैठका मारल्या होत्या. त्याआधी दोन महिने व्यायाम बंद होता. मांड्या दगडासारख्या टणक झालेल्या, पायरी उतरता येईना, आणि लघवी काळ्या चहासारखी होत होती. मित्र त्याला सांगत होते, "अजून दोनशे मार, अंग मोकळं होईल." आम्ही त्याला दवाखान्यात नेलं. सलाईन लागलं, चार दिवस राहावं लागलं, पोरगं बरं झालं. पण मित्रांचं ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. चिवटपणाबद्दल आपल्याकडे जे काही चुकीचं सांगितलं जातं, त्यातलं बरंचसं त्या एका वाक्यात होतं.

"अंग दुखेपर्यंत मारलं नाही तर काय व्यायाम?"

तालमीत हजार जोर, दोन हजार बैठका मारणाऱ्या जुन्या पैलवानांच्या गोष्टी आपण ऐकत आलो. त्या खोट्या नाहीत. पण तो आकडा वर्षानुवर्षं रोज थोडा थोडा वाढवत गाठलेला असतो, हे गोष्टीत राहून जातं. वस्ताद नव्या पोराला पहिल्या दिवशी हौद्याची माती खोरायला लावायचे, पंचवीस-तीस जोर काढून घ्यायचे आणि घरी पाठवायचे. त्यामागे मोठं शहाणपण होतं.

बैठकीत खाली जाताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच भार पेलतो. या प्रकारच्या कामानं स्नायूंच्या तंतूंना सगळ्यात जास्त इजा होते. थोडी इजा चालते, ती भरून येते, आणि पुढच्या वेळी तोच स्नायू जास्त सोसतो. पण सवय नसलेल्या अंगावर एकदम शेकड्यांनी बैठका लादल्या, त्यातून ऊन असलं, पाणी कमी असलं, तर तंतू मोठ्या प्रमाणावर फुटतात. त्यांच्यातलं मायोग्लोबिन रक्तात उतरतं आणि मूत्रपिंडात जाऊन अडकतं. लघवी चहासारखी होते ती यामुळे. याला रॅब्डोमायोलिसिस म्हणतात. वेळेत उपचार झाले नाहीत तर मूत्रपिंड निकामी होऊ शकतं. अशा वेळी आणखी दोनशे मारणं म्हणजे मरणाशी खेळणं आहे.

रोजचं साधं अंग धरणं वेगळं. व्यायामानंतर एक ते तीन दिवसांत ते सर्वांत जास्त जाणवतं आणि आपोआप ओसरतं. "लॅक्टिक ॲसिड साचलंय, ते काढायला अजून व्यायाम कर," हे तर जिमपासून तालमीपर्यंत सगळीकडे ऐकू येतं. व्यायामात वाढलेलं लॅक्टेट साधारण तासाभरात पूर्ववत होतं. दुसऱ्या दिवशीच्या दुखण्याशी त्याचा संबंध नाही. आणि दुखलं नाही म्हणजे व्यायाम वाया गेला, असंही नाही. नियमित करणाऱ्याचं अंग फारसं दुखत नाही, तरी ताकद वाढत राहते.

वजन उचलताना प्रत्येक वेळी हात थरथरून बार खाली पडेपर्यंत उचललंच पाहिजे, ही समजूतही सोडायला हवी. अजून एक-दोन वेळा उचलता आलं असतं अशा ठिकाणी थांबणाऱ्यांची ताकदही जवळपास तेवढीच वाढते, असं अभ्यास सांगतात. सुरुवातीच्या काही आठवड्यांत जी ताकद वाढते, ती बरीचशी मज्जासंस्थेच्या शिकण्यानं वाढते. मेंदू स्नायूंना एकाच वेळी कामाला लावायला शिकत असतो. दमलेल्या, वाकड्या पाठीनं दहादा उचललं तर मेंदू वाकड्या पाठीनं उचलायलाच शिकतो.

"भूक आणि हाल सोसले की माणूस आपोआप घट्ट होतो"

हा गैरसमज मला सगळ्यांत जास्त टोचतो, कारण त्याचा पुरावा म्हणून लोक आपल्याच जिल्ह्याच्या लेकीचं नाव घेतात.

सारिका काळे. धाराशिवची खो-खोपटू. फेब्रुवारी 2016 मध्ये गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई क्रीडा स्पर्धेत भारतीय महिला संघानं सुवर्ण जिंकलं, तेव्हा ती कर्णधार होती. 2020 मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. खो-खोला हा मान 22 वर्षांनी मिळत होता. पुरस्कारानंतर तिनं उघडपणे सांगितलं की जवळजवळ दहा वर्षं तिला दिवसाला एकच वेळ जेवायला मिळायचं. लोक एवढंच ऐकतात आणि म्हणतात, बघा, उपाशी राहिली म्हणून एवढी मोठी झाली.

पण ती पुढे जे सांगते, तेही ऐकायला हवं. खेळाच्या शिबिरांत पोटभर चांगलं जेवण मिळायचं, हे तिनं आवर्जून सांगितलं आहे. आणि 2016 साली घरच्या आर्थिक ओढाताणीनं ती इतकी खचली की खेळ सोडायचं ठरवून बसली. म्हणजे हालांनी तिला घट्ट केलं नव्हतं, खेळातून जवळपास बाहेर काढलं होतं. प्रशिक्षक चंद्रजित जाधव यांनी समजूत काढली, आजी पाठीशी होती, म्हणून ती मैदानावर परतली. पुढे तुळजापूरला क्रीडा अधिकाऱ्याची नोकरी मिळाली आणि घर सावरलं. खेळाडू तगतो तो जेवण, गुरू, घरचं माणूस आणि पगार यांच्या आधारावर. तिची जिद्द खरीच आहे. पण तिच्यासारखी गुणाची, जिद्दीची आणि उपाशी मुलगी किती गावांत मैदान सोडून गेली असेल, तिचं नाव कोणी घेत नाही, कारण ते कुणाला माहीतच नाही.

खाशाबा जाधवांचंही तेच. 1952 ला हेलसिंकीत कांस्य मिळालं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. "कराडच्या मातीतली रग" एवढंच आपण सांगतो. जायला पैसे नव्हते तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण टाकून 7,000 रुपये उभे केले, हे विसरतो. जपानच्या शोहाची इशीशी दमछाक करणारी कुस्ती झाल्यावर खाशाबांना लगेच सोव्हिएत मल्ल रशीद मामेदबेकोव्हसमोर उभं केलं गेलं. दोन कुस्त्यांत अर्धा तास विश्रांती मिळायला हवी असा नियम होता, पण त्यांच्या बाजूनं भांडायला भारताचा अधिकारी तिथं नव्हता. ते हरले. त्या दिवशी त्यांच्यात चिवटपणा कमी नव्हता, त्यांना हक्काची तीस मिनिटं मिळाली नाहीत.

"मध्ये पाणी प्यायलं की दम जातो"

हे मी शिकल्यासवरल्या प्रशिक्षकांच्या तोंडून ऐकलं आहे. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, आणि त्याच काळात उन्हाळी शिबिरं, जत्रेतले कुस्त्यांचे फड, भरतीचा सराव. घामावाटे पाणी आणि मीठ गेलं की रक्ताचं प्रमाण घटतं, हृदयाला जास्त पळावं लागतं, अंगाची उष्णता बाहेर पडत नाही. दम पाणी प्यायल्यानं जात नाही, न प्यायल्यानं जातो.

ऑगस्ट-सप्टेंबर 2024 मध्ये झारखंडात उत्पादन शुल्क खात्याच्या शिपाई भरतीत 10 किलोमीटर धावताना दहाहून अधिक उमेदवार दगावले. ती सगळी तरुण, धडधाकट पोरं होती. जिद्दीत कुणीच कमी नव्हतं.

शरीर उन्हाला सरावतं, पण त्याला दहा ते चौदा दिवस लागतात. त्या काळात सराव हलका ठेवायचा आणि हळूहळू वाढवायचा. धावणारा बरळायला लागला, झोकांड्या खाऊ लागला, कोसळला, तर तो उष्माघात समजायचा. त्याला आधी सावलीत घेऊन जे गार पाणी हाताशी असेल ते अंगभर ओतायचं, ओली फडकी टाकायची, वारा घालायचा, आणि त्याच वेळी 108 ला फोन लावायचा. गाडीची वाट बघत नुसतं बसायचं नाही. पहिल्या काही मिनिटांत अंग गार करणं हाच खरा उपचार असतो.

"अंगात राग भरल्याशिवाय जिंकता येत नाही"

एकदाच मोठं वजन उचलायचं असेल तर आधी स्वतःला चेतवण्याचा थोडा फायदा होतो, हे खरं आहे. तेवढ्यावरून लोक रागालाच खेळाडूपण समजू लागलेत.

खो-खोचा एक क्षण जवळून बघा. तीन बचावपटूंची तुकडी आत आहे. आक्रमक खांबाकडे पळतोय. मध्य रेषा ओलांडायची नाही, एकदा दिशा धरली की मागं फिरायचं नाही. समोरचा हुलकावणी देतो. अशा वेळी चिडलेला खेळाडू हमखास मागे वळतो, किंवा बसलेल्या गड्याच्या पाठीला हात लागायच्या आतच "खो" ओरडतो. पंचाची शिट्टी वाजते आणि बचावपटू सुटतो. थंड डोक्याचा खेळाडू तेवढाच वेगात असतो, पण हात पाठीला लागेपर्यंत शब्द दातांखाली धरून ठेवतो. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत झालेल्या पहिल्या खो-खो विश्वचषकात भारतीय महिलांनी अंतिम सामन्यात नेपाळला 78-40 नं हरवलं. त्या संघात धाराशिवची अश्विनी शिंदे होती. एवढे गुण नुसत्या त्वेषानं मिळत नाहीत.

आणि दुसरी बाजू. नोव्हेंबर 2023 मध्ये आपल्याच धाराशिवात 65 वी महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली आणि शिवराज राक्षेनं गदा उचलली. आखाड्याभोवतीची ती गर्दी, तो जल्लोष अनेकांना आठवत असेल. पुढे फेब्रुवारी 2025 ला अहिल्यानगरच्या स्पर्धेत पृथ्वीराज मोहोळविरुद्ध त्याला चितपट ठरवण्यात आलं. त्याला तो निर्णय मान्य नव्हता. रागाच्या भरात त्यानं पंचाला लाथ मारली आणि तीन वर्षांची बंदी ओढवून घेतली. निर्णयावर पुष्कळ वाद झाला, पंचांचं चुकतंही. पण इतक्या मोठ्या पैलवानाची मेहनत एका क्षणात पणाला लागली, याचं मला आजही वाईट वाटतं. जुने वस्ताद हरलेल्या पठ्ठ्याला जिंकणाऱ्याच्या पाठीवर थाप मारायला लावत. कुस्ती शिकवण्याइतकंच ते महत्त्वाचं होतं.

वजन तोडणं, सुई आणि इतर

कमी वजनगटात उतरायचं म्हणून दोन दिवस पाणी बंद, अंगावर प्लॅस्टिक गुंडाळून पळणं, तोंडात थुंकी साठवून थुंकत राहणं, याला आपल्याकडे "वजन तोडणं" म्हणतात आणि त्याचा अभिमान बाळगतात. अमेरिकेत 1997 साली महिन्याहून थोड्या जास्त काळात तीन महाविद्यालयीन कुस्तीगीर याच प्रकारानं मेले. त्यानंतर तिथल्या विद्यापीठ कुस्तीचे नियम बदलले. 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये विनेश फोगट रात्रभर झगडूनही 50 किलो गटात 100 ग्रॅमनं जास्त भरली आणि अंतिम फेरीला मुकली. तिच्याइतकी चिवट खेळाडू शोधून सापडणार नाही. वाढत्या वयाच्या पोरांना तरी या वाटेला लावू नका. अंगाला शोभेल त्या गटात खेळू द्या.

तालमी-जिममधून सध्या फिरणाऱ्या इंजेक्शनांबद्दल स्पष्टच लिहितो. मेफेंटरमाइन हे औषध शस्त्रक्रियेच्या वेळी रोग्याचा रक्तदाब उतरला तर वर आणण्यासाठी असतं. "सुई मारली की थकवाच येत नाही" म्हणून पोरं ते टोचून घेतात. थकवा जात नाही, तो कळेनासा होतो. हृदयाचे ठोके बिघडतात, रक्तदाब चढतो, भास होतात, व्यसन लागतं. स्पर्धेच्या काळात त्यावर बंदीही आहे. जो हे पोरांना विकतो, तो त्यांचा वस्ताद नाही.

राहिल्या दोन समजुती. मुलींनी वजन उचललं तर त्या पुरुषी दिसत नाहीत. त्यांच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन फार कमी असतं, त्यामुळे दंड फुगत नाहीत, हाडं आणि सांधे मात्र मजबूत होतात. आणि जाणत्या माणसाच्या नजरेखाली, हलक्या वजनानं, नीट पद्धतीनं केलेल्या व्यायामानं मुलांची उंची खुंटत नाही.

मैदानावर कुणाची लघवी चहासारखी झाली, तर त्याच दिवशी त्याला दवाखान्यात न्या. "उद्या बघू" म्हणू नका. आणि जे मैदान चालवतात त्यांना एकच विनंती आहे. सरावाची शिट्टी वाजवण्याआधी कोपऱ्यातला पाण्याचा माठ भरलेला आहे का ते बघा, आणि मध्येच उठून पाणी प्यायला जाणाऱ्या पोराला ओरडू नका.