मधला नट

मोटारीचे बॉनेट उघडले की पुढच्या चाकांच्या बरोबर वर, डाव्या-उजव्या बाजूंना, पत्र्याचे दोन घुमट दिसतात; बहुतेक छोट्या गाड्यांत त्यांच्यावर कडेने दोन-तीन लहान नट आणि मधोमध एक मोठा नट असतो. अंगणात स्वतः स्ट्रट बदलू पाहणाऱ्याने हा मधला नट स्ट्रट गाडीवर असताना सोडता कामा नये.

स्ट्रट, म्हणजे गॅरेजच्या भाषेत शॉकअप, हा धक्के जिरवणारी तेलाची नळी आणि तिच्याभोवती दाबून बसवलेली जाड स्प्रिंग यांचा जोड असून, अमेरिकी अभियंता अर्ल मॅकफर्सन यांनी १९४० च्या दशकात विकसित केलेली ही रचना मारुती ८०० सारख्या असंख्य गाड्यांत वापरली गेली. चाक उचलले तरी स्प्रिंग पूर्ण सैल होत नाही, वरच्या टोपीखाली ती दबलेलीच राहते. कडेचे नट स्ट्रटला गाडीशी बांधतात आणि मधला नट स्प्रिंगला स्ट्रटशी. हा भेद न ओळखता मधला सोडला, तर स्प्रिंग हाड मोडेल इतक्या जोराने उसळते. म्हणून स्प्रिंग, टोपी व बेअरिंगसह जुळवलेला तयार स्ट्रट महाग पडला तरी घरी काम करणाऱ्याने तोच घ्यावा; जुनीच स्प्रिंग वापरायची असेल, तर ती नव्या स्ट्रटवर चढवण्यापुरते काम गॅरेजकडे सोपवावे.

गाडी सपाट, टणक जमिनीवर उभी करून, हँडब्रेक ओढून व मागच्या चाकांना अटकाव लावून पुढचा भाग जॅकने उचलावा आणि लगेच स्टँडवर टेकवावा, कारण जॅक उचलण्यासाठी असतो, पेलून धरण्यासाठी नव्हे. चाक काढून स्ट्रटला अडकवलेली ब्रेकची नळी व सेन्सरची तार आधी सोडवावी. खालचे दोन बोल्ट निघताच चाकाचा नकल, म्हणजे चाक व ब्रेक ज्यावर बसतात तो ओतीव भाग, बाहेर कलतो. त्याचा भार ब्रेकच्या नळीवर किंवा ॲक्सलच्या सांध्यावर येऊ नये म्हणून तो तारेने बांधून ठेवावा. या बोल्टांची जागा आधी खडूने खुणावलेली बरी, कारण काही गाड्यांत चाकाचा उभा कल तेथेच ठरतो.

मग वरचे कडेचे नट काढून जुना स्ट्रट उतरवावा. नवा स्ट्रट चढवताना हे वरचे नट हाताने फिरवून सैल ठेवावेत, खालचे बोल्ट घालावेत, आणि मग सर्व नट गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या मापाने टॉर्क पान्याने आवळावेत. खालच्या आर्मचे रबरी बुश असलेले बोल्ट सैल केले असतील, तर ते मात्र चाके जमिनीवर टेकल्यावरच आवळावेत, नाहीतर रबर कायम पिळलेले राहून लवकर फाटते. दोन्ही बाजूंचे स्ट्रट एकाच वेळी बदलावेत आणि त्यानंतर गाडी प्रथम अलाइनमेंटसाठीच न्यावी.